वाडीतले कार्बोरेटरवाले उस्ताद : जुनी गाडी बाळगत असाल तर वाचा

दुकानाला पाटी नाही, छापील बिल मिळत नाही, फोन उचलला तर नशीब, आणि गाडी कधी मिळेल असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "थई जशे, बेन," म्हणजे होऊन जाईल, ताई. तरीही बडोद्यात कुणाकडे पन्नास-साठच्या दशकातली गाडी असेल आणि ती पेट्रोलवरून कुरकुर करत असेल, तर मी हाच पत्ता देईन. वाडीत रंगमहालच्या बाजूने आत शिरायचं आणि कुणालाही "कार्बोरेटरवाले उस्ताद" विचारायचं. (कार्बोरेटर म्हणजे इंजिनात जाण्याआधी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग.) इस्त्रीवालासुद्धा बोट दाखवतो. गल्ली अरुंद आहे, इम्पालावाल्यांनी गाडी बाहेरच लावून चालत जावं.

आमच्याकडे फियाट ११०० आहे, १९५९ ची एलिगंट. म्हणजे डुक्कर फियाट. मामंजी होते तोवर घरात हे नाव घ्यायची सोय नव्हती. त्यांच्यासमोर "एलिगंट"च म्हणायचं. गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची. ती कंपनी १९४४ साली वालचंद हिराचंदांनी काढली, वालचंद मूळचे सोलापूरचे आणि मामंजींचं आजोळही सोलापूर, एवढ्या धाग्यावर ती गाडी आमच्या नात्यातली झाली होती. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, पुढची दारं उलटी उघडणारी. साडी नेसून त्या दारातून उतरणं आजच्या कुठल्याही गाडीपेक्षा सोपं आहे, हे मी कुणाशीही पैजेवर सांगेन. आमच्या ह्यांना गाडीत बसायला आवडतं, चालवायला नाही. त्यामुळे मी बँकेतून निवृत्त झाल्यापासून गाडीचं सगळं माझ्याकडे आहे.

आधी गाडीला काय झालं ते सांगते, कारण बऱ्याच जणांना तेच होत असणार. दर हिवाळ्यात मुकाट्याने चालणारी गाडी चोक ओढूनही खोकायला लागली. गरम झाली की सूरसागरच्या वळणावर बंद पडायची. पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास यायचा, म्हणून खालच्या मजल्यावरच्या काकू तक्रार करायच्या. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे ऑइल कमी होण्याऐवजी वाढलं. डिपस्टिकवर, म्हणजे ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवर, वरच्या खुणेच्याही वर. आमच्या रविवारच्या जुन्या गाडीवाल्या मंडळींना विचारलं तर जेवढी माणसं तेवढी निदानं. कॉइल, कंडेन्सर, टायमिंग, हेड गॅस्केट. एकाने तर गाडीला दृष्ट लागल्याचंही सांगितलं, आणि तो मेकॅनिकल इंजिनिअर आहे.

उस्तादांकडे जायच्या आधी शहराबाहेरच्या एका मोठ्या गॅरेजला दाखवून आणली. नाव घेत नाही. काचेचं ऑफिस, एसी, भिंतीवर रोल्स-रॉइसचे फोटो, कॉफी. तिथला तरुण अगदी अदबीने म्हणाला, "मॅडम, हा कार्बोरेटर काढून टाकू, मारुती ८०० चा बसवू, इलेक्ट्रिक पंप लावू, टेन्शनच नाही." आणि काढलेल्याचं काय? "तो काय, भंगार." हा इलाज चुकीचा आहे असं माझं म्हणणं नाही. कितीतरी प्रीमियर पद्मिनी गाड्या त्यावर वर्षानुवर्षं धावल्या. पण ज्याला दुखणं कळलं नाही तो अवयव बदलायला निघाला, की मी पर्स उचलते.

उस्तादांचं दुकान म्हणजे जेमतेम एक शटर. आत एक छोटं लेथ, एक व्हाइस, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले कार्बोरेटर : सोलेक्स, एसयू, झेनिथ, कार्टर. खाली बिस्किटांच्या डब्यांत जेट, नीडल, फ्लोट, स्प्रिंगा. कुठल्या डब्यात काय आहे हे फक्त त्यांना आणि त्यांच्या भाच्याला ठाऊक. उस्ताद सत्तरीचे असतील, चष्मा दोऱ्याने गळ्यात अडकवलेला. पहिल्यांदा सगळे प्रश्न त्यांनी आमच्या ह्यांना विचारले. ह्यांनी प्रत्येक वेळी माझ्याकडे बघितलं. मग उस्तादांनी स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि ह्यांना चहा आणायला पाठवलं. तेव्हापासून आमचं छान जमतं.

बॉनेट उघडल्यावर त्यांनी कार्बोरेटरकडे बघितलंच नाही आधी. डिपस्टिक काढली, नाकाशी धरली, मग माझ्या नाकाशी धरली. "सूंघो." ऑइलला पेट्रोलचा घमघमाट. एका वाक्यात निदान झालं : पंपाचा पडदा फाटलाय. ह्या गाड्यांना पेट्रोल ओढणारा पंप इंजिनालाच बसवलेला असतो, कॅमशाफ्टच्या धक्क्यावर चालतो, आणि त्याच्या पोटात रबरी कापडाचा पडदा असतो. तो चिरला की पेट्रोल पुढे कार्बोरेटरकडे जाण्याऐवजी खाली ऑइलमध्ये उतरतं. पातळ ऑइलवर गाडी तशीच दामटली असती तर बेअरिंगांचं काय झालं असतं ते सांगायची गरज नाही. काचेच्या ऑफिसात कुणी डिपस्टिक काढली नव्हती.

पडदा का फाटला? इथे उस्तादांचं आवडतं भाषण सुरू होतं आणि ते ऐकण्यासारखं आहे. ई-२० पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये आलं, आणि बघता बघता साध्या पेट्रोल पंपावर दुसरं मिळेनासं झालं. त्यात २० टक्के इथेनॉल. जुनं रबर, बुचाचं गॅस्केट, लाखेचं आवरण, ह्यांतलं काहीच अल्कोहोलसाठी बनलेलं नाही. रबर फुगतं, मग कडक होतं, मग चिरतं. लाख तर विरघळतेच. ज्या फार जुन्या गाड्यांमध्ये बुचाचा फ्लोट (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलवर तरंगून त्याची पातळी राखणारा तुकडा) असतो त्यांची लाख सुटली की बूच पेट्रोल पितं आणि बुडतं. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की ते पाणी टाकीच्या तळाला बसतं आणि पत्रा आतून खातं. "आ पेट्रोल नथी बेन, शरबत छे," असं म्हणून ते टाकीतून काढलेल्या नमुन्याची बाटली उजेडात धरतात. तळाशी वेगळा थर स्पष्ट दिसत होता. सरकारच्या धोरणावर मला इथे वाद घालायचा नाही, शेतकऱ्याच्या उसाला भाव मिळत असेल तर मिळो. पण एकोणसाठच्या गाडीला ह्यातलं कुणी काही विचारलं नव्हतं.

काम काय काय केलं ते जरा सविस्तर सांगते, पैसे कशाचे लागतात ते कळावं म्हणून.

पंपाला नवा पडदा, व्हायटॉन ह्या इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचा. आमचा सोलेक्स कार्बोरेटर पूर्ण उघडला. पितळी फ्लोट त्यांनी कानाशी धरून हलवला आणि आत पेट्रोल डुचमळत असल्याचं मला ऐकवलं. मग शेगडीवरच्या उकळत्या पाण्यात तो बुडवला. सांध्याजवळून बुडबुड्यांची बारीक रेघ वर आली. तिथे पेन्सिलीने खूण केली, आतलं पेट्रोल वाफ होऊन पूर्ण जाऊ दिलं, मग कथलाचा एवढासा टाका. इतकं बेतानं की मी कारण विचारलं. तर कथील जास्त झालं की फ्लोट जड होतो, जड फ्लोट खोल बसतो, मग पेट्रोलची पातळी चढते आणि गाडी काळा धूर ओकते. टाका घातल्यावर सोनाराच्या काट्यावर वजन. काटा खरोखर सोनाराचाच आहे, मांडवीच्या कुणा सराफाने टाकून दिलेला.

थ्रॉटलचा, म्हणजे अॅक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेचा, दांडा ज्या भोकांतून फिरतो ती झिजून लंबगोल झाली होती. तिथून चोरून हवा शिरते आणि मग स्क्रू कितीही फिरवा, आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असतानाची इंजिनाची गती, काही स्थिर होत नाही. लेथवर पितळी बुश करून बसवले. गॅस्केट विकतचं नाही. शीट कार्बोरेटरच्या तोंडावर ठेवून गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने टकटक करत कापलेलं. हे काम भाचा करतो आणि त्याचा हात उस्तादांपेक्षा सफाईदार आहे, हे मी उस्तादांसमोर बोलले नाही.

मग जेट, म्हणजे पेट्रोल मापून सोडणारं बारीक भोकाचं बोंडुक. ह्यासाठीच खरं तर त्यांच्याकडे जायचं. साध्या पेट्रोलला एका भागाला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते, शुद्ध इथेनॉलला ९. म्हणजे ई-२० ला साडेतेराच्या आसपास. आजच्या गाडीत सेन्सर आणि कॉम्प्युटर हे आपापसात मिटवून घेतात. कार्बोरेटर बिचारा १९५९ मध्ये शिकलेल्या मापानेच पेट्रोल सोडतो, त्यामुळे मिश्रण पातळ पडतं, इंजिन तापतं आणि चढावर दम सोडतं. सोलेक्सच्या मेन जेटवर कोरलेला आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलीमीटरच्या शंभराव्या भागात. १२५ म्हणजे सव्वा मिलीमीटर. १२५ च्या जागी १३० घातला तर भोकाचं क्षेत्रफळ आठ टक्क्यांनी वाढतं, आणि आपल्याला हवा असतो साधारण तेवढाच फरक. हा हिशेब मी घरी कॅल्क्युलेटरवर केला. उस्तादांनी कधीच केला नसावा. त्यांनी मूळ जेटपेक्षा एक पायरी वरचा डब्यातून काढला, बसवला आणि म्हणाले, चला आजवा रोडला.

मोकळ्या रस्त्यावर गाडी चांगली तापवायची, तिसऱ्या गिअरमध्ये खेचायची, मग एकदम इंजिन बंद करून कडेला घ्यायची आणि स्पार्क प्लग काढून बघायचा. टोक पांढरंफटक असेल तर पेट्रोल कमी, काजळी असेल तर जास्त, बिस्किटाचा रंग असेल तर बरोबर. आमचा पहिल्या फेरीला किंचित फिकट निघाला. त्यांनी जेटला हात लावला नाही, ठिणगीचं टायमिंग केसभर हलवलं आणि पुन्हा फिरवून आणलं. स्टिअरिंग माझ्याच हातात होतं. शेजारी बसून ते डोळे मिटून आवाज ऐकत होते, आणि उलट्या दाराचं हँडल एका हाताने घट्ट धरून होते.

टाकीच्या बाबतीत आमचं थोडं वाजलं. मला आतून लेप देणारं सीलर मारून हवं होतं. ग्रुपवर सगळे तेच करतात. उस्ताद ठाम नाही म्हणाले. लेप सुटला की पापुद्रे निघतात, आणि ते पाइपमध्ये अडकले की टाकी कापावी लागते. त्याऐवजी टाकी उतरवली, आत डिझेल आणि बारीक साखळी टाकून भाच्याने ती इतका वेळ हलवली की मलाच त्याची दया आली. निघालेलं पाणी चहासारखं होतं. आता ताकीद अशी की पावसाळ्यात टाकी गळ्यापर्यंत भरलेली ठेवायची, म्हणजे आत दमट हवेला जागा उरत नाही, आणि पंधरवड्यातून एकदा तरी गाडी फिरवायची. पाइपही सगळे बदलले. त्यावर ३०आर९, ही इथेनॉल सोसणाऱ्या पाइपाची खूण, छापलेली आहे का ते स्वतः वाचून घ्या. बाजारात काळा पाइप म्हणून काहीही गळ्यात मारतात.

आता खटकणाऱ्या गोष्टी, कारण त्या कमी नाहीत. वेळेचं तर बोलूच नये. गाडी उन्हाळ्यात दिली आणि नवरात्रीच्या तोंडावर मिळाली. मधले कित्येक आठवडे ती ताडपत्रीखाली नुसती उभी होती, कारण उस्ताद कुणाच्या तरी लग्नाला गेले होते आणि मग दुसऱ्या कुणाच्या तरी. पैसे रोख. हिशेब सिगारेटच्या पाकिटाच्या मागे. एकूण साडेचौदा हजार झाले, त्यात लेथचं काम आणि टाकी धरून. काचेच्या ऑफिसने सांगितलेल्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी, पण पावती नसल्याने उद्या काही झालं तर तुमच्या हातात फक्त त्यांचा शब्द. माझ्या बाबतीत शब्द पाळला गेला. दिवाळीत आयडलिंग जरा चढलं तेव्हा स्कूटरवर घरी येऊन नीट करून गेले आणि फराळाव्यतिरिक्त काही घेतलं नाही. वायरिंग ते करतात, पण मन लावून करत नाहीत. माझ्या डॅशबोर्डखाली त्यांनी मूळ कापडी वायरला चकचकीत निळी प्लॅस्टिकची वायर जोडून ठेवली आहे आणि मला ती दर वेळी टोचते. रंगकाम, क्रोम, गाद्या ह्यांसाठी जाऊच नका. विचारलंत तर अपमान करतील.

एक गोष्ट मात्र मी ह्या शहरात दुसरीकडे कुठेच पाहिली नाही. गाडी घेताना त्यांनी कापडी पिशवी हातात दिली. त्यात गाडीतून काढलेला प्रत्येक तुकडा : फाटलेला पडदा, जुना जेट, झिजलेली पिन, कडक झालेला पाइप, जुनं गॅस्केटसुद्धा. जेट वेगळ्या कागदात बांधून त्यावर आकडा लिहिलेला, उद्या जुनं पेट्रोल परत आलं तर लावायला. जुन्या गाडीचं गॅरेज कसं आहे हे मी आता एवढ्यावरच ठरवते, पिशवी परत मिळते की नाही. ज्यांना पिशवी मिळत नाही त्यांचे मूळ भाग कुठे जातात हे ह्या छंदातल्या प्रत्येकाला माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. आमच्या मंडळींतल्या एका काकांनी मॉरिस मायनर दुसऱ्या शहरात "फुल रिस्टोरेशन"ला दिली. परत आली तेव्हा रंग आरशासारखा, पण मूळ घड्याळं, हॉर्न, इंडिकेटरचे बाहेर पडणारे हात, सगळं नवं किंवा गायब. काका अजून त्या गाडीला हात लावताना परक्याच्या वस्तूला लावावा तसा लावतात.

ह्यावरून आमच्यात दोन तट आहेतच. रविवारी सकाळी अकोटा पुलाकडून निघून सेवउसळ खायला थांबतो तेव्हा अर्धे जण क्रोमवर फडकं मारत असतात आणि अर्धे जण त्यांना हसत असतात. २०२३ च्या जानेवारीत लक्ष्मी विलास पॅलेसला २१ गन सॅल्यूट कॉनकूर ही जुन्या गाड्यांची स्पर्धा झाली तेव्हा दोन्ही तट एकाच हिरवळीवर उभे राहून डोळे फाडून बघत होते. राजेरजवाड्यांच्या गाड्यांपुढे आमच्या डुकराला कोण विचारतो, पण अशा स्पर्धेत परीक्षक फक्त चकाकी बघत नाहीत, गाडी कारखान्यातून निघाली तशी किती उरली आहे तेही बघतात, एवढं तिथून सगळे शिकून आले. त्यानंतर उस्तादांकडची गर्दी वाढली, असं भाचा म्हणतो.

सुट्या भागांचं पुढे कठीणच होणार. मुंबईतली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची बंद झाली. ती चालू होती तोवर तिच्या जिवावर आमच्यासारख्यांना इंजिनाचे कितीतरी भाग सहज मिळत होते, कारण पद्मिनी ह्याच ११०० च्या घराण्यातली. आता उस्ताद जुन्या टॅक्सींचे पंप आणि कार्बोरेटर किलोवर विकत घेऊन डबे भरतायत. "नवुं नाखवुं सहेलुं छे," नवं टाकणं सोपं आहे, असं ते म्हणतात, पण नवं येणार कुठून.

कागदपत्रांचं कुणी विचारेल म्हणून सांगते. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं. नवीन नोंदणी २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, नव्या पाटीवर व्हीए ही अक्षरं. मी ते केलेलं नाही. कारण तशी नोंदलेली गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणायची असते, आणि मला खंडेराव मार्केटला भाजी आणायला गाडी लागते. आरसी दर पाच वर्षांनी रिन्यू करते, मामंजींच्या वेळची तीन अक्षरांची पाटी तशीच आहे.

जाणार असाल तर शुक्रवारची दुपार टाळा, ते नमाजला जातात. टाकीत दोन-तीन लिटरच ठेवा, नाहीतर बाकीचं पेट्रोल भाच्याच्या मोटरसायकलमध्ये जातं. चालू गाडी घेऊन गेलात तर गरम इंजिनावर ते हात लावत नाहीत, पुस्तक बरोबर ठेवा. आणि घाई असेल तर दुसरीकडे बघा. सध्या ताडपत्रीखाली एक लँडमास्टर उभी आहे आणि तिच्या मालकाला मे महिन्यापासून "थई जशे" चालू आहे. तुमचा नंबर तिच्यानंतर.